गाणं कंपनीला विकायचं की स्वतः काढायचं?

कंपनीला दिलं की एकरकमी पैसे हातात पडतात, जाहिरातही तीच करते. पण मास्टरचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा, हक्क जातो. करारात ‘सर्व हक्क, कायमचे’ असं असलं तरी गीतकार-संगीतकारांनी खचू नये. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. मात्र आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासदत्व घेऊन प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. ते राहिलं की हक्काचे पैसे हाती येत नाहीत, आणि मेहनत अशी पाण्यात जाताना बघवत नाही.

स्वतः काढलं तर मास्टर आपला. वितरकाकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) वेव्ह फाइल आणि चौरस कव्हर द्या. वितरक बदलताना जुनाच 12 अक्षरी आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) कळवा. नवा पडला तर श्रोत्यांचे आकडे शून्यावर येऊ शकतात. स्पॉटिफायवर 12 महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या गाण्याला काहीच मिळत नाही.