फुलांच्या मजोलिका प्लेट्स: जॉर्ज जोन्स की वेजवुड?

मजोलिका म्हणजे रंगीत झिलईची, उठावदार नक्षीची मातीची भांडी. दोन्ही कारखाने इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचे, काळही एकच, 1860 ते 1880 च्या दशकांचा. पण घेताना पारख वेगळी लागते.

जोन्सची प्लेट आधी उलटी करा. मागची बाजू हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची, कासवाच्या पाठीसारखी असते, आणि बहुतेकदा मधेच एक छोटा पांढुरका डाग सोडलेला असतो. त्यात हाताने लिहिलेला नमुना-क्रमांक सापडतो. 'जीजे' ही जोन्सची आद्याक्षरं कधी ठसलेली असतात, कधी नसतात. म्हणून नुसता ठसा नाही या कारणावरून प्लेट नाकारू नये. कमळाची पानं उठावदार, झिलई दाट. अडचण एकच: उठावाच्या कडा टवकतात आणि तिथे रंग भरलेला असतो. अंधारात अतिनील टॉर्च मारला की ही डागडुजी बहुधा वेगळी चमकते.

वेजवुड ओळखणं सोपं. नाव मातीतच दाबलेलं असतं, आणि 1860 नंतरच्या तीन अक्षरी खुणेतलं शेवटचं अक्षर वर्ष सांगतं. नावात 'जी'नंतर जादा 'ई' दिसला, तर ती प्लेट या कारखान्याची नव्हे. त्यांच्या 'अर्जेंटा' प्लेट्सची पार्श्वभूमी फिकट असते. फुलं सुरेख उठतात, पण झिलईच्या भेगांत मुरलेला तपकिरी डागही तितकाच उठून दिसतो. ब्लीच लावू नका, झिलई सुटते.

नवख्याने वेजवुडपासून सुरुवात करावी. शिशाची झिलई असल्याने दोन्हींत जेवण वाढू नये.