घरघंटी उत्तम, पुस्तिका दंडनीय

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाळीआधी घरघंटी आली. चार महिने रोज दळतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण यंत्राशी नाहीच, सोबत आलेल्या मराठी पुस्तिकेशी आहे.

पान चारवर छापलंय : 'दंड पिठासाठी जाळी क्रमांक 1 वापरा.' हिला वाटलं, चुकीची जाळी लावली तर कंपनी दंड करते. त्याखाली : 'छान जाळीत ओलं धान्य घालू नये.' शेवटी इंग्रजी पान उघडलं तेव्हा उलगडा झाला. दोन्हीकडे मूळ शब्द एकच, 'फाइन'. भाषांतर यंत्रानं केलेलं असणार. शब्दकोशातले दोन अर्थ उचलले आणि नेमका तिसरा, 'बारीक', राहून गेला. आमचा कोपऱ्यावरचा चक्कीवाला पुस्तिका न वाचता वर्षानुवर्षं गुजरातीत बरोबर विचारत आलाय, "झीणुं के करकरुं?", म्हणजे बारीक की जाडसर?

माझी नोकरी सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सच्या कचेरीत झाली. 1950 साली सुरू झालेली फॅकल्टी, मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथं चित्रकला शिकवायचे, ते अर्थात माझ्या आधी. तिथं या फाइनचं मराठी 'ललित'. म्हणजे यंत्राचा आणखी एक पर्याय हुकला, नाहीतर आम्ही ललित पिठाच्या पोळ्या खाल्ल्या असत्या. सोनाराकडे तोच शब्द शुद्धतेचा, 999 फाइन म्हणजे हजारात 999 भाग सोनं. कापडाला 'तलम', पेनाच्या निबाला 'बारीक', आणि तब्येत विचारली तर नुसतं 'बरा आहे'.

गंमत म्हणजे दंडवाला फाइनही परका नाही. दोघांचं मूळ लॅटिन 'फीनिस', म्हणजे शेवट. पैसे भरले की प्रकरण संपलं, तो दंड. आणि काम शेवटाला नेऊन, घासूनपुसून पूर्ण केलं की ते उत्तम. 'फिनिश' आणि 'फायनल' हेही त्याच घरातले. तरी पिठाला दंड नको.

आता यंत्राबद्दल. मोटर एक हॉर्सपॉवरची. दोन किलो गहू बारीक जाळीवर वीस मिनिटांत, म्हणजे वीज साधारण पाव युनिट. पीठ किंचित गरम होतं, जाळी जितकी बारीक तितकं जास्त. पोळ्या मऊ होतात, पुरणपोळी लाटताना कड फाटत नाही. तांदळाची पिठी मोदकाला अगदी हवी तशी. बेसनाला मात्र जाडी जाळीच लावा. मी एकदा हौसेनं बारीक लावली, तर लाडू टाळूला चिकटले. भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय घालू नका. शेंगदाणे तर मुळीच नाहीत, तेलानं जाळी बुजते. आवाज आहे, दुपारी शेजारी झोपलेले असताना लावू नये.

पहिल्याच आठवड्यात खालचा डबा नीट बसला नव्हता आणि मी बटण दाबलं. ओटा, मिक्सर, देवाचा कोनाडा, सगळं पांढरं. ही दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "छान!" इंग्रज बायको असती तर तीही अशा वेळी 'फाइन' म्हणाली असती, त्याच सुरात. एवढ्यापुरतं पुस्तिकेचं भाषांतर मला मान्य आहे.

ग्राहक सेवेला फोन केला. मुलीनं नम्रपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मशीन तो फाइन चल रहा है ना?" मी हो म्हणालो.

यंत्राला साडेचार तारे, अर्धा आवाजाचा कापला. पुस्तिका रद्दीत गेली. जाळ्यांच्या कडांवर हिनं मार्करनं लिहून ठेवलंय : पोळी, भाकरी, भाजणी, लाडू.