'मुघल-ए-आझम'ची वीस मिनिटं कुठे गेली? जुन्या सिनेमाची डिस्क घेताना होणारी फसगत

'मुघल-ए-आझम' या एकाच नावाखाली दोन वेगवेगळे सिनेमे विकले जातात. 1960 सालचा मूळ चित्रपट बहुतांश कृष्णधवल आहे. शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडची काही रिळं तेवढी रंगीत, लांबी 197 मिनिटं. 2004 साली तो पूर्ण रंगवून, आवाज नव्याने करून थिएटरात आला तेव्हा 177 मिनिटांचा झाला. म्हणजे रंग चढताना वीस मिनिटं गेली. विकणारा जाहिरातीत '1960, दिलीपकुमार, मधुबाला' एवढंच लिहितो. यातलं काहीच खोटं नाही, पण हाती पडते ती रंगीत डिस्क. परत द्यायला जावं तर 'सील फोडलंय, आता घेणार नाही' हे उत्तर ठरलेलं.

इंग्रजी सिनेमांत हा घोळ आणखी मोठा. 'किंगडम ऑफ हेवन' (2005) थिएटरात 144 मिनिटांचा होता. नंतर आलेला डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाच्या मनासारखी आवृत्ती, त्याहून पाऊण तासाने मोठा आहे आणि कथाच वेगळी वाटावी इतका फरक पडतो. दोन्हींची मुखपृष्ठं लांबून सारखीच दिसतात. म्हणून पुढचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. खाली बारीक अक्षरांत मिनिटं, रीजन (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते त्याची खूण), एनटीएससी की पाल (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती), पडद्याचं प्रमाण हे सगळं छापलेलं असतं. ऑनलाइन घेताना याच भागाचा फोटो मागायचा. अक्षरं वाचता येतील असा फोटो द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

मिनिटं वाचताना एक खाच आहे. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो, पण पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा 25 ने पळवतात. त्यामुळे काहीही न कापता लांबी सुमारे चार टक्क्यांनी घटते आणि आवाजाची पट्टीही किंचित चढू शकते. गाण्यांच्या सिनेमात तयार कानाला ते लगेच टोचतं. 197 मिनिटांचा सिनेमा पालवर साधारण 189 भरतो. कव्हरवर पाल लिहिलं असेल तर छापलेल्या मिनिटांना 1.04 ने गुणा. उत्तर मूळ लांबीच्या जवळ आलं तर कात्री लागलेली नाही. 177 ला गुणून 184 येतात, तेव्हा तिथे कापाकापी आहेच. ब्लू-रेवर सिनेमा सहसा 24 नेच असतो, तिथे हा गुणाकार करायचा नाही.

अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून कुणाकरवी डिस्क मागवणाऱ्यांची गाडी अडते ती रीजनवर. डीव्हीडीसाठी भारत 5, अमेरिका 1, इंग्लंड 2. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए, इंग्लंड बी. '0' किंवा 'ऑल' असेल तर कुठेही चालते. स्वस्तातले बरेच डीव्हीडी प्लेअर सगळे रीजन वाचतात, ब्लू-रे प्लेअर मात्र तितके उदार नसतात. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन साधारण पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा निवडलेला कायमचा चिकटतो. एका डिस्कसाठी तो खर्च करू नका. 4के, म्हणजे ब्लू-रेहून बारीक चित्राच्या डिस्कला रीजनची भानगड नाही, पण ती साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये चालतच नाही. तिची डबी काळी, ब्लू-रेची निळी. दोन्ही डिस्क असलेल्या जोडपॅकमधली एक काढून उरलेली 'जवळपास नवी' म्हणून खपवणारेही आहेत, तेव्हा आत किती डिस्क आहेत तेही विचारावं.

नक्कल ओळखायची तर डिस्क उलटी करा. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची खालची बाजू चांदीसारखी किंवा फिकट सोनेरी असते, घरी संगणकावर कॉपी केलेलीची जांभळट. छापलेलीवर मधल्या भोकाजवळच्या आरशासारख्या पट्टीत बारीक आकडे आणि सहसा 'आयएफपीआय' (ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) ही इंग्रजी अक्षरं सापडतात. संगणकात टाकून आकारही पाहावा: तीन तासांचा सिनेमा एकथरी डिस्कच्या 4.7 जीबीत कोंबला असेल तर अंधारातल्या दृश्यांत चौकोन चौकोन दिसणार. दुथरी डिस्कमध्ये 8.5 जीबी मावतात. सीलवर विसंबू नका, प्लास्टिक पुन्हा चढवायचं यंत्र कुठेही मिळतं.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याला संकेतस्थळाच्याच चॅटमध्ये विचारा: 'ही 1960 ची कृष्णधवल, 197 मिनिटांची प्रत आहे ना?' फोनवर मिळालेला होकार पुढे दाखवता येत नाही. पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून डिस्कच्या खालच्या बाजूपर्यंत सलग व्हिडिओ घ्या. आधी मागचं कव्हर वाचा, चुकीचं असेल तर सील तसंच ठेवा. सील फुटलं असलं तरी हातपाय गाळू नका: ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र त्याच दिवशी काढून ठेवा, कारण तक्रार पोचली की जाहिरातीत गुपचूप 'रंगीत' हा शब्द येऊन बसतो. विक्रेता ऐकत नसेल तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, तिथेही काम झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर चॅट, व्हिडिओ आणि बिल घेऊन तक्रार नोंदवा.