मतदार यादीचं अ‍ॅप आणि चिठ्ठीचा प्रिंटर: नगरपालिकेसाठी घ्यावं का?

थोरल्या जाऊबाई नगरपालिकेला उभ्या राहिल्या आणि यादीचं काम माझ्याकडे आलं. सातारा जिल्ह्यातली क वर्ग नगरपरिषद, मतदान २ डिसेंबर २०२५ ला. सदस्याला खर्चाची मर्यादा अडीच लाख, म्हणजे चहाचाही हिशेब ठेवायचा. तेवढ्यात एक एजंट हे पॅकेज घेऊन आला: मोबाइलवर मतदार यादी, हातात मावेल असा ब्लूटूथ प्रिंटर, रेकॉर्ड केलेले फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बॅनर. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशी अ‍ॅपं बरीच आहेत.

नाव शोधायला झकास. छापील यादीत कित्येकांच्या घर क्रमांकापुढे नुसती रेघ असते. इथे आडनाव टाकलं की अख्खं खटलं एकाखाली एक. ज्योत्स्ना कशीही लिहा, सापडते. दारात उभं राहून "वहिनी, तुमचं केंद्र शाळेतलं, अनुक्रमांक हा," असं सांगितलं की माणूस ऐकून घेतो. आमचा अर्धा प्रचार तिथेच झाला.

पण हे मुळात विधानसभेसाठी बनवलेलं, आणि ते पदोपदी जाणवतं. नगरपरिषदेला आमच्या प्रभागात दोन सदस्य आणि थेट नगराध्यक्ष, अशी तीन मतं द्यायची. अ‍ॅपमधल्या डेमो मशीनवर एकच बटण! म्हाताऱ्या बायकांना ते दाखवलं असतं तर एक मत देऊन निघाल्या असत्या. शेवटी पुठ्ठ्यावर तीन रकाने काढून समजावलं. यंदा दुबार नावांपुढे यादीत दोन तारे होते. त्या मतदारांकडून एकाच ठिकाणी मत देणार असल्याचं हमीपत्र घ्यायचं होतं, पण अ‍ॅपमध्ये ते तारे दिसतच नव्हते. म्हणून कागदी यादीही काखेत ठेवावी लागली.

चिठ्ठीचं जास्त खटकलं. न विचारता उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह छापून येतं. आचारसंहितेत ओळखचिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, त्यावर उमेदवार, पक्ष, चिन्ह काही नको. एजंट म्हणे, "ताई, सगळेच देतात." देत असतील. मी सेटिंगमध्ये शोधून फोटो बंद केला. त्यानंतर प्रिंटरने छान काम केलं, फक्त रोल उन्हात ठेवू नका, काळा पडतो.

घरांना हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायची सोय आहे: आपला, कुंपणावरचा, विरोधातला. एजंटाची पोरं आडनाव बघून रंग देत होती. आमच्या गल्लीत एका घरात तीन पक्ष नांदतात, ते आडनावाला काय कळणार? बचत गटातल्या बायकांना बसवून सगळं पुन्हा केलं. आता शेजाऱ्यांचे हे रंग आणि नंबर कंपनीकडेच आहेत. पुसून टाका म्हटलं, अजून उत्तर नाही. ही गोष्ट पैसे देण्याआधी लिहून घ्या.

रेकॉर्ड केलेले फोन म्हणजे पैसे पाण्यात. जेवणाच्या वेळी जाऊबाईंचा आवाज ऐकून माझ्या नणंदेनेच फोन कापला. बॅनर मात्र बरे होते, गणपतीपासून दिवाळीपर्यंत सगळे तयार, पण निवडणूक डिसेंबरात.

पाचपैकी तीन तारे, तेही नाव शोधण्याच्या सोयीला आणि प्रिंटरला. जिल्हा परिषदेला कुणी उभं असेल तर तेवढंच घ्या आणि कॉलचे पैसे कमी करून मागा. त्यात रिक्षाचा भोंगा दोन दिवस जास्त फिरेल.