पिवळे टोमॅटो, सात महिने: बीवाल्याशी भांडण आणि सासूबाईंची कढी

बी ऑगस्टच्या शेवटी टाकलं होतं, आता मार्च संपत आला. लिहायचं डोक्यात नव्हतं. पण काल गच्चीवर जे बघितलं त्यावर हसावं की चिडावं ते कळेना, म्हणून बसले.

पाकीट 120 रुपयांचं, आत 15 बिया. एकदम सगळ्या मातीत घालायचा माझा स्वभाव नाही. आठ टाकल्या, सहा उगवल्या, पाच जगल्या. डिसेंबरच्या मध्याला चार झाडांना लिंबाएवढी पिवळी फळं आली. पाचव्याला लाल! अगदी बाजारात दिसतो तसाच लालभडक टोमॅटो.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. आधी बिल मागितलं, मग पाकिटाचा फोटो, मग आठ दिवस काहीच नाही, आणि शेवटी एक ओळ आली: "हवामानामुळे रंगात फरक पडतो." अहो, एकाच गच्चीवर, एकाच उन्हात, हातभर अंतरावर पाच झाडं आहेत, आणि हवामान एकट्या पाचव्यालाच लागलं? पाकिटाचे पैसे परत द्या म्हटलं तर त्याचं उत्तर आजतागायत नाही. तेव्हा मी एक तारा देणार होते.

लावणाऱ्यांसाठी थोडं. आपली काळी माती नुसती पिशवीत भरू नका. वाळली की दगड होते, पिशवीच्या कडेनं भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली. माझं पहिल्या महिन्यात तेच झालं. नंतर अर्धी माती, बाकी शेणखत आणि वाळू केली. दुसरी चूक जानेवारीतली. नंदुरबारला लग्नाला चार दिवस गेलो, आल्यावर दया येऊन बादलीभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देठाजवळ फळं तडकलेली, नऊ मोजली. काहींची बुडं काळी पडली, तर शेजारच्या वहिनींनी अंड्याची टरफलं घालायला सांगितली. घातली, तेवढ्यानं काही झालं नाही. रोज सकाळी ठरलेलं तांब्याभर पाणी सुरू केल्यावर नवीन फळं नीट आली. पाण्याचा मेळ नसला की मातीतलं कॅल्शियम फळाच्या बुडापर्यंत पोचतच नाही.

आता माझं खरं दुखणं. पिवळा टोमॅटो पिकलाय हे ओळखायचं कसं? लाल जिन्यातून दिसतो. हा आधी फिका पिवळा, मग पिवळा, मग जरा जास्त पिवळा. पहिले दहा-बारा मी कच्चेच तोडले आणि महिनाभर "पिवळ्याला चवच नाही" असं सगळ्यांना सांगत फिरले. बुलबुलाला मात्र बरोबर कळत होतं. शेवटी त्याच्यावरूनच शिकले. त्यानं चोच मारलेलं फळ बघितलं तर देठाकडे मधासारखा रंग चढलेला. देठावर एक गाठ असते, फळ किंचित वर उचललं की पिकलेलं त्या गाठीवर अलगद तुटतं. ओढावं लागलं तर राहू द्यावं.

असा तोडलेला खाल्ला आणि मत बदललं. गोड आहे, खूपच गोड. कमी आंबट म्हणून पित्तवाल्यांना चालतो असं सांगतात, त्यावर मात्र जाऊ नका. आंबटपणा रंगावर नसतो, जातीवर असतो. यांनी त्या भरवशावर चार खाल्ले आणि रात्री छातीत जळजळ म्हणून उठून बसले.

शेवभाजीत पिवळा घाला नाहीतर लाल, फरक शून्य, काळा मसाला सगळ्यांना एका रंगात आणतो. सार केलं तर सासूबाईंनी वाटीत बघून विचारलं, "हाई कढी शे का?" आणि खिचडीवर ओतूनही घेतलं. पहिल्या घासाला जे तोंड केलं ते मी जन्मात विसरणार नाही. सार पुन्हा केलं नाही.

पण ठेचा! हिरव्या मिरच्या, लसूण आणि दोन पिवळे टोमॅटो तव्यावर साल काळी पडेपर्यंत भाजायचे, मूठभर शेंगदाणे, मीठ, आणि खलबत्ता. लाल टोमॅटो घातला की हिरव्या मिरचीचा ठेचा मातकट होतो. याच्यात तो पोपटी राहतो. कळण्याच्या भाकरीबरोबर सासूबाईंनी तिसऱ्यांदा मागून घेतला. कढीचा विषय त्या दिवसापासून बंद.

हिशोब सांगते. पाकीट 120, पिशव्या 200, कोकोपीट 60, निंबोळी तेल 90, एकूण 470. लाल झाडाचे धरून साडेनऊ किलो निघाले, म्हणजे किलोला जवळपास 50 रुपये. जानेवारीत आमच्या बाजारात 15 चा भाव होता. हे यांना सांगितलेलं नाही.

आणि कालची गोष्ट. ऊन तापायला लागल्यापासून फुलं गळताहेत, नवीन फळ धरत नाही. आधीची आहेत तेवढी पिकताहेत. त्या पाचव्या, लाल झाडाकडे बघितलं तर यंदाची शेवटची फळं चक्क पिवळट केशरी. पारा 30 च्या वर राहिला की टोमॅटोत लाल रंगाचं लायकोपीन तयार होत नाही, पिवळं-केशरी कॅरोटीन तेवढं होत राहतं. म्हणजे आपल्याकडे मार्चनंतर कुठलाही लाल टोमॅटो फुकटात पिवळा होतो, आणि मी 120 रुपये मोजले!

बीवाल्याचं "हवामानामुळे रंगात फरक पडतो" हे खरं निघालं, फक्त उलट्या बाजूनं आणि तीन महिने उशिरा. त्याला मी हे कळवणार नाही. तीन तारे देतेय, त्यातले दोन ठेच्याचे. डबीत राखेत घालून ठेवलेल्या सात बिया आहेत, त्यातल्या दोनच येत्या ऑगस्टला टाकेन.