पांडवलेणीच्या पायऱ्या की जिममधले डंबेल?

वजन उतरवायचं म्हटलं की नाशिककर एक तर भल्या सकाळी गोदापार्क किंवा पांडवलेणी गाठतात, नाही तर गंगापूर रोडवरच्या एखाद्या जिमची वर्षाची फी भरून टाकतात. (दुसऱ्यांपैकी बरेच जण महिन्याभरात दिसेनासे होतात, ते सोडा.)

काट्यावरचा आकडा लवकर हलवायचा असेल तर कार्डिओ (म्हणजे चालणं, पळणं, पायऱ्या चढणं) पुढे. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चाललं, तर साधारण 150 कॅलरी जातात. वजनं उचलून तेवढ्या वेळात कमीच, कारण निम्मा वेळ दोन सेटच्या मधे दम खाण्यात जातो. अर्थात 150 कॅलरी म्हणजे मिसळीबरोबरचा एखादा पाव. तर्रीचा हिशेब वेगळा!

स्नायू वाढले की बसल्या बसल्या चरबी जळते, हे जिममधलं लाडकं वाक्य. किलोभर स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम 13 कॅलरी खातो. मग डंबेल कशाला? खाणं कमी केल्यावर चरबीसोबत स्नायूही झडतात, ते वजनांच्या व्यायामाने बरेचसे टिकतात. नुसतं चालून सहा किलो उतरवलेला माणूस म्हणूनच कधी कधी बारीक न दिसता आजारी दिसतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. गुडघे कुरकुरत असतील तर मी पायऱ्यांआधी खुर्चीवरून उठबस करायला सांगेन. त्याला फी लागत नाही.