आवाज खणखणीत, पण डग्गा गायब: चौदा इंची लॅपटॉपचा वर्षभराचा अनुभव

हेडफोनचा जॅक सैल झाला आणि सर्व्हिस सेंटरने त्यासाठी मदरबोर्ड बदलायला सांगितलं, तेव्हाच ठरवलं की या लॅपटॉपच्या आवाजाबद्दल एकदा सविस्तर लिहायचं. प्रोसेसर आणि स्क्रीनबद्दल लिहिणारे भरपूर आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक मशिनांना लागू पडतं: चौदा इंची, सव्वा किलोच्या आसपास वजन, अंगाने सडपातळ, तळाशी दोन-दोन वॅटचे दोन स्पीकर आणि कीबोर्डशेजारी कुठल्याशा ऑडिओ कंपनीचा चंदेरी स्टिकर.

दिवसा बँकेची नोकरी आणि संध्याकाळी गाण्याचा रियाज, असा माझा दिनक्रम. आमच्या बाई मिरजेला, मी पुण्यात, त्यामुळे शिकवणी व्हिडिओ कॉलवर. तानपुरा आणि तबल्याचा ठेका लॅपटॉपवरच्याच ॲपमधून लावते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी होती, ती भाचीला देऊन टाकली. एका यंत्रात सगळं भागत असेल तर दुसरं कशाला ठेवायचं, हा आमच्या घरचा नियम.

सुरुवातीला मी खूश होते. बातम्या, मुलाखती, जुनी नाट्यगीतं, सगळं स्वच्छ आणि स्पष्ट. आधीच्या लॅपटॉपवर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटायचा, तसं इथे काहीच नव्हतं. आवाज पूर्ण वाढवला तरी फाटत नव्हता.

मग ठेका लावला.

तीनतालाचे बोल आठवा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. 'धा' म्हणजे तबल्यावर 'ना' आणि त्याच क्षणी डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या खालच्या आवाजाच्या वाद्यावर, 'गे'. डग्गा वजा केला की 'धा'चा 'ना' होतो आणि 'धिं'चा 'तिं'. तालाचा भरलेला भाग म्हणजे भरी, रिकामा भाग म्हणजे खाली. खालीच्या जागी तबलजी डग्ग्याचा घुमारा काढून घेतो, तीच खालीची खूण. या लॅपटॉपवर सोळाच्या सोळा मात्रा खालीच! भरी कुठे आणि खाली कुठे, काही पत्ता नाही. द्रुत बंदिशीत तान घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं तर माझा कान डग्ग्याकडे असतो. इथे कान ठेवायला डग्गाच नाही. ॲपमध्ये मात्रांचे ठिपके पळताना दिसतात, पण स्क्रीनवर डोळे लावून गायलेलं बाईंना चालत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडत नाही.

याचं कारण सोपं आहे आणि कुठल्याही स्टिकरने ते बदलत नाही. डग्ग्याचा मूळ आवाज १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास, बरेचदा त्याहूनही खाली. असे चिमुकले स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुके होतात. कंपनसंख्या निम्मी केली आणि आवाज तेवढाच मोठा हवा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे व्हावं लागतं. बोटभर जाडीही नसलेल्या खोक्यात तो हलणार किती आणि मागे हवेला जागा उरणार किती? ॲपलने २०१९ च्या सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये सहा स्पीकर घातले आणि त्यातले वूफर, म्हणजे खालच्या आवाजाचे स्पीकर, पाठीला पाठ लावून बसवले, म्हणजे एकाचा हादरा दुसरा खोडून काढतो. ऑफिसातल्या एकाकडे तो आहे. त्याच्यावर ठेका लावून पाहिला, डग्गा ऐकू आला. पण तेवढ्या पैशांत खरा तबला-डग्गा, खरा तबलजी आणि त्याचा चहा, सगळं काही महिने भागेल.

मला बरेच दिवस एक कोडं सुटत नव्हतं. माझी गाण्याची पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी), म्हणजे सा साधारण २०८ हर्ट्झ आणि खर्ज, म्हणजे त्याखालचा सा, १०४. मग डग्गा गायब होतो तर खर्ज कसा ऐकू येतो? तानपुरा याच स्पीकरवर चक्क बरा वाजतो. उत्तर जवारीत आहे. तार घोडीला घासत कंप पावते, त्यामुळे १०४ च्या पटीतले वरचे स्वरांश, २०८, ३१२, ४१६ आणि पुढचे, भरभरून निघतात. ते स्पीकरमधून बाहेर येतात आणि तळाचा राहिलेला स्वर कान स्वतःच भरून काढतो. लँडलाइनवरही हेच व्हायचं. टेलिफोनची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झ, पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याच्या कितीतरी खाली, तरी पलीकडे काका बोलताहेत हे पहिल्या 'हॅलो'ला कळायचं.

तबल्यालाही थोडंफार हेच वरदान आहे. पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, म्हणजे शाईमुळे, त्याचे उपस्वर सुरेल पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० सालीच 'नेचर'मध्ये मांडलं होतं. म्हणून फुटकळ स्पीकरवरही 'ना' सुरात लागल्यासारखा वाटतो. डग्ग्याची शाई मात्र एका बाजूला, आणि त्याचा सगळा जीव तळच्या घुमाऱ्यात. तो घुमाराच कापला तर उरते नुसती टपटप.

जमिनीवर बसून रियाज करणाऱ्यांसाठी एक फुकटचा उपाय. स्पीकर तळाशी असल्याने सतरंजीवर लॅपटॉप ठेवला की अर्धा आवाज सतरंजी पिऊन टाकते. लाकडी पाटावर ठेवा. डग्गा येत नाही, पण बाकीचं मोकळं होतं.

इथवरचं मत पहिल्या काही महिन्यांचं. पुढे ते थोडं बदललं. लॅपटॉपबरोबर त्या स्टिकरवाल्या कंपनीचं एक ॲप येतं, ते मी निरुपयोगी म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद केलं होतं, कारण त्याने नाट्यगीताला उगाच हॉलमध्ये नेऊन बसवलं होतं. विंडोजच्या एका अपडेटने ते परस्पर चालू झालं आणि त्या संध्याकाळी ठेक्यात खाली-भरी कळायला लागली. गंमत अशी की ते ॲप डग्गा वाजवतच नाही. डग्ग्याचे कृत्रिम उपस्वर तयार करून वरच्या पट्टीत मिसळतं आणि उरलेलं काम कानावर सोपवतं. तानपुऱ्यात जे जवारी करते त्याची ही नक्कल. डग्गा प्लास्टिकचा वाटतो, घिस्सा (हाताचा तळ घासून काढलेला घुमारा) घेतला तर हास्यास्पद होतो, पण सम सापडते. म्हणजे 'निरुपयोगी' हा माझा शेरा मागे घ्यायला हवा. पण त्याच ॲपने तानपुऱ्याची जवारी करकरीत होते. ठेक्यासाठी चालू आणि तानपुऱ्यासाठी बंद अशी सोय नाही, कारण दोन्ही आवाज एकाच वाटेने जातात.

म्हणून रियाज इअरफोनवर, आणि म्हणून जॅकशी गाठ.

तिथेही सगळं आलबेल नव्हतं. काही वाजत नसलं की वीज वाचवायला आतली ऑडिओ चिप झोपते, आणि जाग येताना कानात 'टक्' असा आवाज देते. लिनक्स वापरणाऱ्यांना ड्रायव्हरचा पॉवर-सेव्ह शून्यावर नेऊन यातून सुटका मिळते. मी तानपुरा चालूच ठेवते, म्हणजे ती झोपतच नाही. शांत जागी मागे बारीक 'सूं' असतो. त्याची सवय झाली. पण वॉरंटी संपायला थोडे दिवस उरले असताना डावा कान जाऊन-येऊन व्हायला लागला. पिन फिरवली की येतो, मान हलली की जातो.

सर्व्हिस सेंटरमधला संवाद असा:

"मॅडम, बोर्ड बदलावा लागेल. अठरा हजार, वर जीएसटी."

"वॉरंटीत आहे ना?"

"जॅक फिजिकल डॅमेजमध्ये येतो."

"जॅकमध्ये पिन घालणं हे डॅमेज?"

"सिस्टीममध्ये तसंच येतं, मॅडम."

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत विचारलं, तर एकाने सहाशेत नवा जॅक टाकून देतो म्हणून सांगितलं. पण उघडला की वॉरंटी गेली. मग कंपनीच्याच साइटवरून या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवलं. त्यातल्या चित्रात स्पष्ट दिसतं की हेडफोन जॅक आणि उजवीकडचा यूएसबी एका वेगळ्या छोट्या बोर्डावर आहेत आणि तो बोर्ड पट्टीच्या केबलने मुख्य बोर्डाला जोडलेला आहे. त्या पानाची रंगीत प्रिंट काढली आणि काउंटरवर ठेवली. "हे आमच्याकडे येत नाही" असं उत्तर मिळालं. तेव्हा १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. थोड्या दिवसांनी कंपनीतून गोड आवाजात फोन आला आणि 'विशेष बाब म्हणून' तो छोटा बोर्ड फुकट बदलून मिळाला. अठरा हजारांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी मात्र प्रिंट जपून ठेवली आहे.

पण मधल्या काळात रियाज थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून यूएसबी-सी पोर्टमध्ये घालून इअरफोन जोडायचा हजाराच्या आतला डोंगल आणला. ॲपलचाच घेतला. विंडोजवर विनातक्रार चालतो. डिजिटल आवाजाचा खरा आवाज करणारी चिप त्या डोंगलमध्येच असते, लॅपटॉपची आतली चिप बाजूला पडते. 'सूं' गेला. 'टक्' गेलं. डग्ग्याचा घुमारा त्याच जुन्या इअरफोनवर जास्त भरीव वाटला. आता जॅक दुरुस्त आहे आणि मी तो वापरत नाही! पैसे वाचवण्यासाठी एवढी भांडले आणि शेवटी वरून हजार घातले, असं आमच्या यजमानांचं म्हणणं. असू दे.

"ब्लूटूथ का घेत नाहीस?" हे प्रत्येकजण विचारतो. नुसतं ऐकायला घ्या. पण शिकवणीत इअरफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ फोनच्या पद्धतीवर उतरतं. स्टिरिओ जातो, आवाजाचा वरचा भाग बहुतेक वेळा कापला जातो आणि बाईंचा स्वर घशात अडकल्यासारखा ऐकू येतो. शिवाय आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच.

लॅपटॉपचा अंगचा माइक चांगला आहे, फक्त अतिशहाणा आहे. तानपुरा फोनवर लावून शेजारी ठेवला, तर बाई म्हणाल्या, "तुझा तानपुरा दम लागल्यासारखा का वाजतोय गं?" एकसारखा चालणारा सूर म्हणजे पंख्याची घरघर, असं सॉफ्टवेअर समजतं आणि तो पुसत बसतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा. तेवढ्याने भागलं नाही तर स्टिकरवाल्या ॲपमधला नॉइज कमी करण्याचा पर्यायही बंद करा. आमच्याकडे दोन्ही करावं लागलं.

शिकवणी नसते तेव्हा माळ्यावरचे जुने डेस्कटॉपचे स्पीकर डोंगलला जोडते. चार इंची कागदी पडदे आणि लाकडी खोकी, पण डग्गा असा घुमतो की खालच्या मजल्यावरच्या आजी विचारून गेल्या. चार्जर लावला की मात्र घूं सुरू होतं. आमच्या जुन्या इमारतीत सॉकेटला अर्थिंग नाही. लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर हात फिरवला की झिणझिण्या येतात, त्याचंही कारण तेच. चार्जर काढला की दोन्ही थांबतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्थिंगचा विषय काढला, तो पुढच्या मीटिंगवर ढकललाय.

नवा घेणाऱ्यांनी दुकानात तो पक्ष्यांचा नि धबधब्याचा डेमो ऐकू नये. फोनमध्ये तीनतालाचा साधा ठेका न्या, विक्रेत्याला मधूनच कुठूनतरी सुरू करायला सांगा आणि डोळे मिटून नववी मात्रा, म्हणजे खालीची सुरुवात, ओळखा. मी मागच्या महिन्यात बहिणीसाठी असे तीन लॅपटॉप तपासले. एकातही ओळखता आली नाही, विक्रेता वैतागला, आणि आम्ही त्यातला सगळ्यात स्वस्त उचलला.